'नो' म्हणायची शिकवणी

मला कुणालाही नाही म्हणता येत नाही, हा आमच्या घरातला सर्वमान्य सिद्धांत आहे. तो बायकोने मांडला, मुलीने त्याला अनुमोदन दिलं, आणि माझं मत विचारलं तेव्हा मी अर्थातच हो म्हणालो.

थाई देवळात मी इंग्रजी शिकवायला लागलो, तोही असाच. ऑफिसात माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये एक थाई बाई बसायच्या. त्यांच्या देवळात दर रविवारी इंग्रजीचा वर्ग चालायचा. तो घेणाऱ्या अमेरिकन आजी फ्लोरिडाला राहायला गेल्या आणि वर्ग पोरका झाला. "फक्त दोन रविवार," बाई म्हणाल्या, "दुसरं कुणी मिळेपर्यंत." मी म्हटलं, अहो, मी सॉफ्टवेअरवाला माणूस, मला शिकवता कुठे येतं? त्यावर त्या म्हणाल्या, "पण बुद्ध तुमच्याकडचेच ना?" माझ्या प्रश्नाचा आणि या उत्तराचा संबंध मला अजून लागलेला नाही. त्या वेळी मात्र ते बिनतोड वाटलं.

रविवारी सकाळी मी बूट घालत होतो.

"कुठे जाऊन राहिले?" बायको म्हणाली. ती नागपूरची. पंचवीस वर्षं न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत काढली तरी तिची वाक्यं अजून सीताबर्डीवरून निघतात.

"थाई देवळात. इंग्रजी शिकवायला."

"तुम्ही? इंग्रजी?" ती भिंतीला टेकली. "त्या बिचाऱ्यांनी तुमचं काय वाईट केलं होतं जी?"

देऊळ म्हणजे एक जुनं फार्महाउस. बाहेर शेतातली मेलबॉक्स, आत सोनेरी बुद्ध. दारात चपलांचा ढीग पाहिला आणि मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. भिक्षूंना दुपारी बाराच्या आत जेवावं लागतं, म्हणून बायका सकाळपासून रांधत असायच्या. भिक्षूंची जेवणं झाली की उरलेल्यांची पंगत, आणि ती उठली की त्याच गालिच्यावर माझा वर्ग. दहा-बारा विद्यार्थी, बहुतेक बायका. कोणी रेस्टॉरंटात स्वयंपाक करणाऱ्या, कोणी नेल सलूनमध्ये काम करणाऱ्या. मला सगळे 'आजान' म्हणायचे. मूळ शब्द आपला आचार्य. आचार्य म्हणवून घेण्यासारखं मी आयुष्यात काही केलेलं नाही. ऑफिसात मला फार तर 'हे बडी' म्हणतात.

पहिल्या दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली. या बायका दर वाक्याच्या शेवटी मला 'खा' म्हणत होत्या. "आजान, बसा, खा." "आजान, गाडी कुठे लावली, खा?" समोर ताटं होतीच. मी खाल्लं. पुन्हा कुणी काही बोललं, पुन्हा 'खा'. मी पुन्हा खाल्लं. दुपारी शिकवायला उभं राहणं मुश्कील झालं. पुढच्या रविवारी कळलं की हे खाण्यातलं 'खा' नव्हे. आपण 'जी' लावतो तसा तो आदराचा प्रत्यय आहे. कळल्यावर मीही तो उत्साहाने वापरायला लागलो. "थँक यू, खा." "पुढचं पान उघडा, खा." वर्ग खूष दिसायचा. परक्या माणसाने आपली भाषा बोलावी याचं कौतुक कुणाला नसतं, असा मी त्याचा अर्थ लावला.

खाली बसण्याचा मात्र त्रास व्हायचा. माझा उजवा गुडघा मांडी घालू देत नाही. मी पाय लांब करून बसायचो. एकदा एक म्हाताऱ्या बाई हळूच आल्या आणि माझ्या पायांवर टॉवेल पांघरून गेल्या. मी घरी येऊन सांगितलं, "इतकी मायाळू माणसं आहेत ही. मला थंडी वाजू नये म्हणून पायावर पांघरूण घालतात."

"बाबा, जुलै चालू आहे," मुलगी म्हणाली.

असे काही महिने गेले. दोन रविवार केव्हाच उलटले होते. एक दिवस वर्गातल्या एका बाईंचा नवरा मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन गेला. हा मोठ्या मिशांचा गोरा गृहस्थ. बायको शिकत असेपर्यंत कॉफी पीत बसायचा.

"वाईट वाटून घेऊ नकोस," तो म्हणाला, "पण 'खा' बायका म्हणतात. पुरुष 'खप' म्हणतात. तू गेले कित्येक महिने माझ्या बायकोसारखा बोलतोयस."

मी वर्गात आजवर म्हटलेले 'खा' मनात मोजायला लागलो.

"आणि तो टॉवेल," तो म्हणाला. "पाय बुद्धाकडे करून बसू नये इथे."

"मग कुणी सांगितलं का नाही मला?"

"क्रेंग-जाय," तो म्हणाला. मग त्याने समजावून सांगायचा बराच प्रयत्न केला. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये, त्याला त्रास पडू नये, त्याचा मान राहावा, म्हणून आपण आपलं गिळून गप्प बसायचं. "मला कळायला वीस वर्षं लागली. इंग्रजीत याला शब्दच नाही."

मी म्हटलं, आमच्या भाषेत आहे. भीड. आम्ही तिला भिकेची बहीण म्हणतो, पण घराबाहेर काढत नाही.

त्या दिवसापासून मी 'खप' म्हणायला लागलो. वर्गाने तेही तितक्याच आनंदाने ऐकलं. आधी चुकत होतं असं एकाही चेहऱ्यावर दिसलं नाही.

हे सगळं गंमत म्हणून चालून गेलं असतं. पण वर्गात एक बाई होती, तिचं मात्र या भिडेपायी अडलं होतं. ती एका थाई रेस्टॉरंटात स्वयंपाक करायची; मी तिला मनातल्या मनात शेफबाई म्हणायचो. पंचेचाळिशीची, एकटी. ग्रीन कार्ड केव्हाचं मिळालेलं. थायलंडच्या ईशान्येकडच्या एका खेड्यात तिची आई राहत होती. वडील गेल्यापासून आईही एकटी. आईला इकडे आणायचं तर नुसतं ग्रीन कार्ड पुरत नाही, नागरिक व्हावं लागतं. नागरिकत्वाच्या मुलाखतीला शेफबाई एकदा जाऊन आली होती, आणि नापास झाली होती. आता दुसरी आणि शेवटची संधी होती. हीही गेली तर अर्जापासून सगळं पुन्हा, म्हणजे आणखी कितीतरी महिने. आईची सत्तरी उलटली होती.

(शेफबाईचं इंग्रजी मी इथे मराठीत लिहितो आहे. मोडतोड वाचकांनी मनाने करून घ्यावी. माझ्याही इंग्रजीची घेतलीत तरी हरकत नाही.)

राष्ट्राध्यक्ष कोण, सिनेटर किती, हे तिला तोंडपाठ होतं. अडत होतं ते पुढच्या भागात. तिथे ऑफिसर अर्जातलेच प्रश्न पुन्हा तोंडी विचारतो. सरावासाठी मी ऑफिसर झालो आणि खुर्चीवर बसलो.

"तुम्ही कधी कम्युनिस्ट पक्षाच्या सभासद होता?"

"यस," शेफबाई म्हणाली.

"तुम्ही कधी कुणाचा छळ केला आहे?"

"यस." सोबत गोड हसू.

"तुम्ही सराईत दारुड्या आहात?"

"यस, खा."

जिने उभ्या जन्मात बिअर चाखली नव्हती अशा बाईने दहा मिनिटांत माझ्यासमोर इतके गुन्हे कबूल केले, की नागरिकत्व राहिलं बाजूला, मला तिच्या ग्रीन कार्डाची काळजी वाटायला लागली. मग लक्षात आलं. तिचं 'यस' म्हणजे 'होय' नव्हतंच. आपण फोनवर मोठ्या माणसाचं बोलणं ऐकताना 'हं, हं' करतो, तसं ते होतं. तुम्ही विचारलंत, मी ऐकलं, तुमचा मान राखला. पहिल्या मुलाखतीत तिने हेच केलं होतं, आणि ऑफिसरने सभ्यपणे लिहिलं होतं की अर्जदाराला इंग्रजी प्रश्न कळत नाहीत.

"इथे नो म्हणायचं," मी म्हटलं.

"यस, आजान."

"म्हणा, नो."

"यस."

"मला म्हणून दाखवा. मी विचारतो, तुम्ही दारुड्या आहात? तुम्ही म्हणा, नो."

तिने मान खाली घातली. "आजानला? नो?"

बाकीचा वर्ग माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी तिला माझ्या थोबाडीत मारायला सांगितलं होतं.

घरी येऊन हे सांगितलं. बायको हसली नाही. शेफबाईची आई तिकडे एकटी आहे, एवढंच तिने धरून ठेवलं.

"तुम्ही शिकवून राहिले म्हणूनच येत नाही तिला," ती म्हणाली. "ज्याला स्वतःला येत नाही, तो काय शिकवणार? जेवायला आणा तिला."

"जेवून काय होणार?"

"मी वाढत जाईन. ती नाही म्हणेपर्यंत थांबणार नाही. बघू कोण हरतं."

पुढच्या रविवारी संध्याकाळी शेफबाई आमच्याकडे आली. येताना कच्च्या पपईची कोशिंबीर घेऊन आली. मिरची अशी होती की माझ्या कानांतून वाफ निघाली. बायकोने मात्र नागपूरच्या सावजी रश्श्याची आठवण काढत डबा चाटूनपुसून संपवला. मग पानं मांडली. आयसेलिनच्या देशी दुकानातून आणलेलं श्रीखंड, घरच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी. बायकोने पुरी वाढली, शेफबाईने खाल्ली. दुसरी वाढली, खाल्ली. चौथ्या पुरीला शेफबाईच्या कपाळावर घाम आला, पण हसू हललं नाही. श्रीखंडाची तिसरी वाटी संपली तेव्हा मीच हात जोडले.

"अगं, मरेल ती."

"मग म्हणू दे की तिला. तोंड आहे न तिला?"

नंतर बायको तिच्याशेजारी बसली, स्वतःचं पान पुढे ओढलं आणि हात आडवा धरला. "हे बघ बाई. असा हात. आणि म्हणायचं, नको. लाजायचं नाही. हसायचं तर हस, पण हात हलवायचा नाही."

"नको," शेफबाई पुटपुटली.

"ऐकू नाही आलं."

असे तीन-चार रविवार आम्ही तिला जेवू घातलं. मुलगी म्हणाली, हा इंग्रजीचा क्लास नाही, टॉर्चर आहे, आणि अर्जात छळाबद्दलचा तो प्रश्न आहे ना, तो आईला विचारायला हवा. पण एका रविवारी बायको पुरी घेऊन वाकली, आणि शेफबाईने पानावर हात आडवा धरला. ती म्हणाली, "नको, खा."

"शाब्बास!" बायको ओरडली, आणि आनंदाच्या भरात बक्षीस म्हणून तिच्या हातावरच पुरी ठेवली. तीही शेफबाईने खाल्ली.

"ऑफिसरला नको म्हणाली तर?" मी विचारलं.

"म्हणाली तर म्हणाली. यस म्हणण्यापेक्षा तर बरंच न?"

मग बायकोच ऑफिसर झाली. हातात झारा घेऊन ती स्वयंपाकघरातूनच विचारायची, "दारू पितेस?" "नो." "कुणाला छळलंस?" "नो." तिला नो म्हणायला शेफबाईला जड जात नव्हतं; ती आजान नव्हती. शेवटच्या काही प्रश्नांना हो म्हणायचं असतं: घटना मान्य आहे का, शपथ घ्याल का, वगैरे. त्याची काळजी नव्हती. हो तर तिला येतच होतं.

मुलाखतीच्या सकाळी मीच तिला गाडीने घेऊन गेलो. तिने पांढरा ब्लाउज इस्त्री करून घातला होता. वाटेत ती ओठ हलवत होती. मी धीर देणारं काहीबाही बोलत होतो, आणि ती प्रत्येक वाक्याला 'यस, आजान' म्हणत होती, त्यामुळे मला अजिबात धीर येत नव्हता. ती आत गेली. मी पार्किंगमध्ये बसून राहिलो. रेडिओ लावला, बंद केला. तिकडे एक म्हातारी बाई आपली मुलगी कधी बोलावते याची वाट बघत बसली आहे, आणि तिचं येणं-न येणं एका दोन अक्षरी शब्दावर आहे, जो शब्द मला स्वतःला पन्नास वर्षांत जमला नाही. असले विचार गाडीत एकट्याने करू नयेत. मी पुन्हा रेडिओ लावला.

ती बाहेर आली ती हसत. पण त्या हसण्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. थाई माणूस आनंदात हसतो, अवघडला तरी हसतो, बस चुकली तरी हसतो. पहिल्या खेपेलाही ती हसतच वर्गात आली होती आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

ती गाडीत बसली. तिने बेल्ट लावला.

"पास?" मी विचारलं.

"यस."

या 'यस'वर विश्वास ठेवायचा कसा? मी प्रश्न उलटा केला.

"फेल?"

"नो," शेफबाई म्हणाली. खणखणीत.

मी गाडी सुरू केली. ती पहिल्यांदाच आपणहून बोलायला लागली. ऑफिसर बाई होती. फार चांगली होती. एकदा शेफबाईच्या तोंडून 'नको' गेलं, तेव्हा बाई "व्हॉट?" म्हणाली, मग हिने नो म्हटलं. आणि एक प्रश्न मुळीच कळला नाही, तेव्हा हिने सरळ सांगून टाकलं, मला समजलं नाही. ऑफिसर रागावली नाही. तिने सोप्या शब्दांत पुन्हा विचारलं.

"छान केलंत," मी म्हटलं. "वर्गात पण असंच विचारत जा. समजलं नाही तर सांगायचं."

सिग्नल लागला होता.

"आजान," ती म्हणाली, "वर्गात तुमचं इंग्रजी समजत नाही."

"कुठलं?"

"सगळं. फार भरभर. आणि व्ही आणि डब्ल्यू सारखेच."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून."

"बाकीच्यांना?"

"कुणालाच नाही." आणि घाईघाईने, "पण आजान इतक्या लांबून येतात. रविवारची झोप मोडून."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. सिग्नल हिरवा झाला होता. मी पुढे बघून गाडी चालवत राहिलो. तिने मला मनापासून काहीतरी दिलं होतं, हे कळत होतं. ते कुठे ठेवावं, ते मात्र कळत नव्हतं.

"मग तुम्ही शिकलात कुठून?"

"तुमच्या मिसेस हळू बोलतात," ती म्हणाली. "आणि त्यांचा चेहरा कळतो."

मग तिने फोन काढला. तिकडे जेवणं आटोपून निजानीज व्हायची वेळ. स्क्रीनवर एक बारीक, पांढऱ्या केसांचा चेहरा आला, कपाळ तेवढं दिसत होतं. शेफबाई बरंच बोलली. मला त्यातलं 'खा' तेवढं कळत होतं. पलीकडून एक-दोन तुटक वाक्यं आली. शेफबाईने पुन्हा काही विचारलं. पुन्हा एक तुटक वाक्य. मग फोन बंद झाला.

"काय म्हणाल्या आई?"

"म्हणाली, कोंबड्यांचं काय करायचं."

"आणि यायचं?"

तिने शब्द शोधला. जे इंग्रजी वाक्य तिने जुळवलं, त्याला मराठीत एकच शब्द आहे. "म्हणाली, बघू."

आमच्याकडे सोयरीक नको असली, पैसे द्यायचे नसले, लग्नाला जायचं नसलं, तरी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. बघू म्हणतो. ऐकणाऱ्याने काय ते समजून घ्यायचं. इतकी वर्षं, इतकी खटपट, आणि शेवटी बघू. पण खोटा धीर द्यायचाही त्या दिवशी कंटाळा आला होता.

"आमच्याकडे बघू म्हणजे नाही," मी म्हटलं.

"आमच्याकडे पण," शेफबाई म्हणाली. तिने फोन पर्समध्ये ठेवला, चेन लावली. "पण माझ्या आईला क्रेंग-जाय नाही. मुळीच नाही. वडील तिला मागणी घालायला आले, तेव्हा तिने त्यांना सगळ्यांसमोर दोनदा नाही म्हटलं होतं. नाही म्हणायचं असतं तर आत्ताही म्हणाली असती. बघू म्हणाली, म्हणजे ती बघेल."

वाटेत एक मोठं दुकान लागतं, तिथे थांबाल का, असं तिने विचारलं. आईच्या मापाचा कोट बघायचा होता. नुसता बघायचा. आईने कधी थंडी पाहिलेली नाही, आणि कोंबड्यांनंतर तिचा दुसरा प्रश्न तोच असणार होता. आम्ही आत गेलो. पण जून चालू होता; सगळीकडे पोहण्याचे कपडे टांगलेले. दुकानातली मुलगी एका दमात काहीतरी बोलली आणि शेवटी म्हणाली, कोट फॉलमध्ये (म्हणजे पानगळीत) येतील.

मी वळलो. शेफबाई वळली नाही. तिने त्या मुलीला हात जोडले.

"मला समजलं नाही," ती म्हणाली. "फॉल म्हणजे नक्की कधी?"